पडवीतली मोटार



इतिहासाच्या व्याख्यानाला एखादा किल्ला हवा, ताम्रपट हवा, निदान मोडीतले एखादे पत्र तरी हवे, अशी आपली समजूत आहे. आणि ती चुकीचीही नाही. त्यातून शहापूरच्या माणसाने माहुलीचा किल्ला सोडून दुसऱ्या विषयावर बोलावे हे तर विशेषच. १६३६ साली शहाजीराजांनी ज्या गडावरून मोगलांशी आणि विजापूरकरांशी तह केला, तो गड आमच्या अंगणातून दिसतो. तरीही आज मी बोलणार आहे ते आमच्या पडवीत वीस वर्षे विटांवर उभ्या असलेल्या एका मोटारीविषयी, आणि ती पुन्हा चालती करताना घरात जो वाद उभा राहिला त्याविषयी. तो वाद केवळ आमच्या घरचा असता तर येथे सांगण्याचे कारण नव्हते. परंतु जुनी वस्तू दुरुस्त करावयाची म्हणजे तिला कोणत्या दिवसाच्या रूपात न्यावयाची, हा प्रश्न देवळाला लागू आहे, वाड्याला लागू आहे, आणि आता सरकारच्या एका नियमामुळे मोटारीलाही लागू झाला आहे.

तो नियम प्रथम सांगतो. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. अशा वाहनास ‘व्हीए’ ही खास अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. त्याच्या सांगाड्यात, कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि असे वाहन प्रदर्शन, संशोधन, शर्यतफेरी, इंधन भरणे, दुरुस्ती इतक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणावे. रोजच्या वापरासाठी नव्हे. वाचताना हे सगळे सरळ वाटते. अडचण आहे ती ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांत.

आमची गाडी १९६६ ची फियाट ११०० डी. वडिलांची भातगिरणी होती. १९७३ साली त्यांनी ती ठाण्याच्या एका गृहस्थांकडून घेतली. त्या दिवसापासून १९९८ पर्यंत गाडीवर झालेले प्रत्येक काम, लहान असो वा मोठे, त्यांनी गिरणीच्या एका लांबट वहीत टिपून ठेवले. आज मी जे सांगणार आहे त्यातले घरचे तेवढे त्या वहीतले. बाकीचे जगजाहीर आहे.

पण गाडीकडे वळण्यापूर्वी रस्ता पाहिला पाहिजे. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन शेजारी तालुके, दोन्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी, दोन्ही भाताचे, आणि दोन्हींच्या डोक्यावर एकेक घाट. शहापुरावरून मुंबई-आग्रा रस्ता कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस जातो. मुरबाडावरून कल्याण-नगर रस्ता टोकावडे मागे टाकून माळशेज चढतो. थळघाटातून आगगाडी १८६५ साली इगतपुरीला पोचली. मुरबाडकरांनी मात्र रेल्वेशिवायच दिवस काढले, त्यामुळे तेथे बैलगाडीनंतर थेट मोटार आली. पाऊस शंभर इंचांच्या आसपास. जूनपासून चार महिने पत्र्याला कोरडे होण्याची संधीच नाही. मुंबईच्या रस्त्यावर जी मोटार दहा वर्षांत गंजते ती येथे निम्म्या काळात गंजते. उन्हाळ्यात घाट चढताना रेडिएटरचे पाणी उकळावयाचे. वळणावर गाडी थांबवून, टोपणावर ओले फडके टाकून, वाफ जाईपर्यंत बसून राहणे हा प्रवासाचाच एक भाग होता. ज्याने त्या घाईत उघड्या हाताने टोपण फिरवले त्याच्या मनगटावर जन्मभराची खूण राहिली. अशा प्रदेशात मोटार जशी कारखान्यातून आली तशी राहूच शकत नव्हती.

आणि कारखान्यातून ती किती येत होती? येथे थोडे मागे जावे लागते.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत मोटारी वाढल्या त्या परदेशी. १९२८ पासून जनरल मोटर्सने शिवडीस सुटे भाग जोडून मोटारी तयार करावयास आरंभ केला. फोर्डही लौकरच त्या उद्योगात उतरले. आपल्या देशात मोटार बनवावी ही कल्पना सर विश्वेश्वरय्या यांनी तिसाव्या दशकात मांडली आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलली. वालचंदांचा स्वभाव असा की एका वेळी विमान, जहाज आणि मोटार या तिन्हींचे कारखाने काढावयाचे. १९४० साली बंगळूरास विमानाचा कारखाना निघाला, १९४१ साली विशाखापट्टणास जहाजाची गोदी सुरू झाली. मोटारीला मात्र परक्या सरकारने युद्धोपयोगी उद्योग म्हणून सवलत दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून जोडणी केलेली वाहने बाहेर पडू लागली. नावे अमेरिकन: डॉज, डिसोटो, प्लिमथ. फियाटशी करार पन्नासच्या सुमारास झाला, आणि १९५४ साली फियाट ११०० आली. फुगलेल्या नाकाडामुळे तिला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. हे नाव प्रेमाचे होते, कारण त्या गाडीची वाट पाहणारे बहुत होते.

वाट का पाहावी लागे, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. १९४९ पासून पूर्ण बांधणीच्या परदेशी मोटारींवर कडक बंधने आली. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशींवरून सरकारने ठरवले की जे नुसती जोडणी करतात आणि देशात भाग बनविण्याची योजना ज्यांच्यापाशी नाही त्यांनी हळूहळू आपले दुकान बंद करावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेले. उरल्या तीन कंपन्या: कलकत्त्याकडे हिंदुस्थान, मद्रासेस स्टँडर्ड, मुंबईस प्रीमियर. १९५९ च्या आदेशाने मोटारीच्या विक्रीवर नियंत्रण आले. १९६९ साली किंमतही सरकारने ठरवून दिली. सबंध देशात वर्षाकाठी बनणाऱ्या मोटारी ऐंशीपर्यंत पन्नास हजारांच्या आतच राहिल्या. नोंदवून वर्षानुवर्षे थांबा, अनामत भरा, आणि तोवर जुनी चालवा. जुनी गाडी नव्याहून महाग विकली जाई, असा उफराटा बाजार त्या काळी होता.

या धोरणाला नावे ठेवणे आज सोपे आहे, आणि नावे ठेवण्याजोगे त्यात पुष्कळ होतेही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांची ‘मीरा’ आठवा. अभियांत्रिकीच्या पदवीवाचून या गृहस्थांनी लहान मोटारीचे नमुने स्वतः घडवले, सुधारले, १९७५ पर्यंत पुनःपुन्हा घडवले. पण ती मोटार बाजारात आलीच नाही. तरीही त्याच धोरणाचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता, आणि माझ्या मते तो इतिहासाच्या दृष्टीने मोठा आहे. नवी मिळत नाही म्हटल्यावर मोटार ही खरेदीची वस्तू न राहता घरासारखी झाली. घर आपण टाकून देत नाही. कौले परततो, वासा बदलतो, पडवी वाढवतो. मोटारीचेही तसेच झाले. ज्या घरात भांड्याला वर्षाकाठी कल्हई होते आणि जुन्या लुगड्याची गोधडी होते, त्या घराला हे शिकवावे लागले नाही.

फेरफाराची पहिली मोठी लाट मात्र याच्याही आधीची, युद्धातली. १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. मग मोटारींच्या आणि बसगाड्यांच्या पाठीस कोळशाच्या वायूची पिंपे लागली. लाकडी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू गाळून इंजिनात घ्यावयाचा, अशी ती युक्ती. ताकद कमी, काजळी फार, आणि सकाळी गाडी सुरू करावयाची तर आधी शेगडी पेटवावयाची! ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या रानांत त्या काळी कातकरी कुटुंबे ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर राबत, आणि मुंबईच्या बाजारात या रानांचा कोळसा जाई. मोटारीच्या इतिहासात वालचंदांचे नाव येते, ते यावेच; पण पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी आठ महिने भट्टीपाशी बसणाऱ्या त्या माणसांची नावे कोणत्याच नोंदवहीत नाहीत.

आता वहीकडे वळू.

पहिलीच नोंद मार्गशीर्षातली आहे: “मागील कमानीस पाटा एक जादा.” ही गाडी शहरातल्या चार माणसांसाठी बनलेली. तिला पुढे गुंडाळी स्प्रिंग, मागे लोखंडी पाट्यांची कमान. वडील तिच्यात तांदळाची पोती टाकत. गाडी मागे बसे, पुढचे दिवे आभाळाकडे बघत. तेव्हा बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणाऱ्या लोहाराने पाटा घडवून दिला. त्याने पाटा तापवून वाकवला, तेलात विझवला, आणि पुन्हा किंचित तापवून त्याची ठिसूळता काढली. कारखान्यातले लोक याच क्रियेला मोठी नावे देतात. तो पाटा आजही गाडीखाली आहे, आणि त्याच्या वरचे कारखान्याचे दोन पाटे मोडून बदलले गेले आहेत.

दुसरी महत्त्वाची नोंद १९७४ ची: रेडिएटर बदलून चार रांगांचा, मोठा बसवला. कारण कसारा. त्याच वर्षी कुर्ल्याच्या गाडीचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले होते, कारण फियाटशी असलेला करार संपला. गाडी जवळजवळ तीच. हे नामांतर आमच्या घरी कोणी मनावर घेतले नाही. शेवटपर्यंत सगळे तिला फियाटच म्हणत.

१९७९ सालची नोंद वाचताना मला आजही घाम फुटतो. या गाडीच्या गिअरची दांडी सुकाणूच्या दांड्यावर असे. तेथून सळया आणि बिजागऱ्या फिरत फिरत गिअरपेटीपर्यंत जात. बिजागऱ्यांतले बुश झिजले की दोन गिअर एकमेकांत अडकत. मग उतरून, बॉनेट उघडून, हाताने सळई सोडवावी लागे. मुंबईच्या सिग्नलला हे घडले तर मागचे लोक भोंगे वाजवतात, एवढेच. आमचे घडले माळशेजच्या चढावर, धुक्यात, मागे आजी आणि आम्ही तिघे भावंडे. गाडी मागे सरकू लागली. वडिलांनी हातब्रेक ओढला, आईने दार उघडून उडी टाकली आणि चाकामागे दगड लावला. त्यानंतर महिन्याच्या आत गिअरची दांडी जमिनीवर आली. वहीत फक्त एवढेच आहे: “गिअर खाली घेतला. रु. २१०.” आईच्या दगडाची नोंद नाही.

हे काम करणारा मेस्त्री कोण? तर आमच्याच गावचा, कुर्ल्याच्या कारखान्यात नोकरीस असलेला एक गृहस्थ. आसनगावाहून निघणारी लोकल त्याला सरळ कुर्ल्यास नेऊन सोडी. सहा दिवस तो तेथे नव्या गाड्यांचे भाग जोडी आणि रविवारी आमच्या अंगणात जुने भाग उतरवी. अशी माणसे या पट्ट्यात पुष्कळ होती. कुर्ल्याचा कारखाना, पुढे कल्याणजवळचा त्याच कंपनीचा कारखाना, जेथे १९९४ पासून पूजो ३०९ ही गाडीही जोडली गेली, यांनी किती मोटारी काढल्या याचा हिशेब कोणीतरी ठेवलेला असेल. त्यांनी किती गावांत हात शिकवले याचा हिशेब ठेवलेला नाही. त्यांच्याही आधीचे गुरू म्हणजे भातगिरणीवरची तेलाची इंजिने. ज्याने गिरणीच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह घासून बसवला आहे, ज्याने घासलेटच्या घमेल्यात नोझल धुऊन फवारा पाहिला आहे, त्याला फियाटचे हेड उतरवताना भीती वाटत नाही. १०८९ सीसीचे ते चार सिलिंडरांचे इंजिन तसे साधेच आहे. पाने चांगले हवेत आणि कोणता बोल्ट कोठून काढला हे ध्यानात हवे, इतकेच.

सुटे भाग मुंबईहून येत. कुर्ल्याचे भंगार, चोरबाजार. शहापूर तालुका १८९२ पासून तानसाचे, आणि पुढे भातसाचे पाणी मुंबईस देत आला. त्या बदल्यात मुंबईने आम्हांस काय दिले असे कोणी विचारले तर माझ्यापुरते उत्तर तयार आहे: एक डायनामो, दोन कार्ब्युरेटर आणि एका टॅक्सीची उजवी दारे.

१९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती जगभर भडकल्या, आणि मग दुसरी लाट आली, डिझेलची. भाड्याने चालणाऱ्या अनेक फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्यांत, जीपगाड्यांत पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले गेले. ज्या गाडीच्या कोठ्यात ते नीट बसत नसे तेथे आडवी कातवी पट्टी कापून, पाये हलवून ते बसवले जाई. कंपनीची स्वतःची डिझेल पद्मिनी आली १९९६ साली, म्हणजे रस्त्याकडेच्या मेस्त्रीच्या पुष्कळ मागून. मुंबईत पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. पुन्हा तेच इंजिन, पुन्हा नवा आहार. जगात याला जोड आहे ती क्यूबाची. तेथेही क्रांतीनंतर अमेरिकेचा व्यापार तुटला आणि पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन मोटारींच्या पोटात रशियन इंजिने गेली. हवानाच्या त्या मोटारी पाहावयास आज प्रवासी जातात. त्यांतली ‘मूळ’ किती, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या गाडीला वडिलांनी डिझेल लावले नाही. गिरणीत दिवसभर तेच ऐकतो, गाडीत तरी नको, असे ते म्हणत. पण १९८५ साली इंजिनाचा ब्लॉक तडकला तेव्हा पद्मिनीचे एक इंजिन आणून बसवले, रीतसर अर्ज केला, आणि नोंदणीपुस्तकात नव्या क्रमांकाची नोंद शिक्क्यानिशी करवून घेतली. मोटार वाहनांचा १९३९ चा कायदा तेव्हा लागू होता. फेरफार कळवा, असे त्यात होते. १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमातही फेरफारास वाव होता, तो २०००च्या दुरुस्तीने आखडला. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येणार नाही. मंजुरी घेऊन त्याच जातीचे इंजिन बदलणे, इंधन बदलणे, याची वाट उघडी आहे. हा कडकपणा अनाठायी नाही. कापलेल्या सांगाड्यावर जड इंजिन ठेवून घाटात उतरणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा आणि त्यांतून टपापर्यंत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. मेस्त्रीच्या हुशारीचे कौतुक करताना तिचा हा हिशेबही मांडला पाहिजे.

गाडी २००३ साली विटांवर चढली. वडील थकले होते, मारुती येऊन वीस वर्षे झाली होती, आणि ज्या कुर्ल्याच्या गाडीसाठी लोक थांबत तिचे उत्पादनच बंद पडले होते. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणीही त्याच वर्षीची, २९ ऑक्टोबर २००३; वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आम्ही आमची गाडी खाली उतरवली ती त्याच दिवाळीत.

खाली उतरवल्यावर जे दिसले ते असे. तळाचा पत्रा चाळण झालेला. पायरीखालचा भाग बोटाने ढकलला तर आत जाई. इंजिन जाम. ब्रेकच्या सिलिंडरांतल्या रबरी वाट्या दगड झालेल्या. आसनांतल्या काथ्यात उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेलेल्या. छतावरचा गिरणीत वेल्डिंग केलेला कॅरियर मात्र शाबूत, कारण तो गाडीहून जड आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात तेल सोडले आणि आठ दिवस स्वस्थ बसलो. नवव्या दिवशी हँडल किंचित हलले. घाई करून पान्याने पिळले असते तर रिंगा मोडल्या असत्या. ब्रेकचे जुने लायनर काढताना एक सांगतो, कारण घरी काम करणारे हे विसरतात: त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकू नये, काचकागदाने कोरडी घासू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके बंद पिशवीत टाकावे.

आणि येथे वाद सुरू झाला. माझा भाचा पुण्यास मोटारींच्या धंद्यात आहे. त्याचे म्हणणे, “मामा, वरचा साज ठेवा, आत नवे जपानी इंजिन टाकू, डिस्क ब्रेक लावू, एसी लावू. आजींना गार वाटेल.” माझी कन्या वास्तुविशारद, जुन्या वाड्यांवर काम करते. ती म्हणाली, “बाबा, गाडी १९६६ ची आहे ना? मग गिअर वर न्या, जादा पाटा काढा, कॅरियर कापा, ११०० डीचे इंजिन शोधा. ‘व्हीए’ नंबर घेऊ.” भाच्याच्या सूचनेत कायद्याचा अडथळा होता, म्हणून ती लौकर मिटली. कन्येच्या सूचनेत कायद्याचे पाठबळ होते, म्हणून ती अवघड.

तिच्याच शास्त्रातले एक वचन मी तिला दाखवले. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत स्मारकांविषयी असे धोरण आहे की इमारतीत निरनिराळ्या काळांनी घातलेली भर मान ठेवण्याजोगी समजावी. एकाच शैलीची शुद्धता हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघानेही २०१२ साली ट्यूरिनची सनद केली, ती याच वळणावर: वाहनाच्या नेहमीच्या वापराच्या काळात झालेले फेरफार हे त्याच्या इतिहासाचा भाग होत. फियाटचे गाव ट्यूरिन हा योगायोगच. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ या शब्दाने भल्याभल्या देवळांची हानी केली आहे. अंबरनाथचे शके ९८२ चे शिवालय जसे आहे तसे पाहून समाधान मानणारे थोडे. ऑइलपेंट आणि फरशी घेऊन तयार असणारे फार. पण त्याच्या उलट टोकाला जाऊन मधली सगळी शतके खरवडून काढणे हाही उद्धार नव्हेच.

माझा मुद्दा इतकाच होता. १९६६ साली कुर्ल्याहून निघालेल्या त्या वर्षीच्या सगळ्या गाड्या एकमेकींसारख्याच होत्या. त्यांतली ही एक शहापूरची झाली ती लोहाराच्या पाट्याने, कसाऱ्याच्या रेडिएटरने, माळशेजच्या गिअरने. ते काढले की उरेल ते एक चांगले प्रदर्शन, आणि हरवेल ते वाहनदुर्मिळतेच्या तीस वर्षांत या मुलखाने काय केले याचा एकमेव पुरावा. मुंबई-पुण्याच्या मेळाव्यांत चकचकीत, कारखान्याबरहुकूम मोटारी मी आनंदाने पाहतो, त्या हव्यातच. पण उद्याच्या अभ्यासकाने केवळ त्या पाहिल्या तर त्याला वाटेल की आपल्याकडे मोटारी आल्या आणि जशा आल्या तशाच राहिल्या.

कन्येला हे पुरते पटले नाही. तिने विचारले, की मग तळाचा नवा पत्रा, नवे रबर, हे तरी मूळ कोठे? प्रश्न रास्त होता. त्यात भर म्हणजे आताच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि साठच्या दशकातल्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा ते सोसत नाहीत. ते सगळे इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालावेच लागले. म्हणजे आमचीही एक भर पडलीच. शेवटी आम्ही असे केले: जे काढले ते टाकले नाही, चिठ्ठी लावून पेटीत ठेवले, जे घातले त्याची तारीख लिहिली, पत्र्याच्या नव्या ठिगळाच्या आतल्या बाजूस साल कोरले. रंग तेवढा कन्येच्या मनासारखा झाला. दाराच्या आतल्या कडेला जुन्या डुकोचा फिकट हिरवा थर सापडला, त्याच्याशी जुळवून तो दिला.

‘व्हीए’ नोंदणीचा अर्ज केला नाही. कारण तात्त्विक नव्हते. आई आता ८६ वर्षांची आहे, आणि तिला गाडीतून म्हशाच्या जत्रेस जावयाचे होते. पौषी पौर्णिमेची ती मुरबाड तालुक्यातली जत्रा म्हणजे बैलांचा मोठा बाजार. वडील दरवर्षी तिला या गाडीतून नेत. जत्रेला जाणे हे प्रदर्शनही नव्हे आणि संशोधनही नव्हे. तेव्हा साधीच नोंदणी, मुदतबाह्य झालेली, दंड भरून आणि २०२२ साली सहाशेवरून पाच हजारांवर गेलेले शुल्क भरून, पाच वर्षांपुरती पुन्हा करून घेतली. तपासणीच्या वेळी साहेबांनी इंजिनाचा क्रमांक १९८५ च्या शिक्क्याशी ताडून पाहिला. गिअरची दांडी कोठे आहे यासाठी नोंदणीपुस्तकात रकाना नाही.

शेणवे, किन्हवली, सरळगाव अशा वाटेने आम्ही म्हशास गेलो. किन्हवलीच्या पुढे काटा वर चढू लागला, तेव्हा सवयीने गाडी थांबवली. पण तो काटाच नादुरुस्त होता, पाणी थंड होते. परत आल्यावर आईने वही मागून घेतली. गेल्या पंचवीस वर्षांत तीत कोणी लिहिले नव्हते. तिने माळशेजच्या नोंदीचे पान शोधले, आणि “गिअर खाली घेतला” याच्या वरच्या कोऱ्या जागेत, कापऱ्या अक्षरात, दगडाचे लिहिले.